वजन उतरलं, पाळी थांबली : काही टिपणं

डोंबिवलीहून सुटणाऱ्या लेडीज डब्यात वजनाच्या गप्पा अगदी मोकळ्या असतात. किती किलो उतरले, कुठल्या जिमची फी किती, रात्रीचं जेवण सोडल्यावर पोट कसं आत गेलं, हे सगळं दिवा स्टेशनच्या रेटारेटीतही मोठ्या आवाजात चालतं. पाळीचा विषय मात्र कानाशी. "तीन महिने झाले गं, आलीच नाही." "डाएट चालू आहे ना तुझं? होतं तसं." आणि ठाणं येतं.

"होतं तसं" हे खरंच आहे, पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. होतं, म्हणून चालतं का?

*

तारीख विचारली की बायका सण सांगतात. "गौरी जेवल्या त्याच्या आधी आली होती." "नवरात्रात नव्हती, म्हणजे त्याच्यानंतर." माझ्या आईच्या पिढीत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा आणि पाळीचा गोल एकाच पेनाने व्हायचा, दुधाचा हिशेब महिनाअखेरीला व्हायचा, गोलाचा कधीच नाही. आता ॲप आहे. पण दोन महिने काही भरलं नाही की ॲप आपल्या मनाने पुढची तारीख टाकत राहतं आणि बघणारीला वाटतं, सगळं ठीक चाललंय. डॉक्टरांना हवी असते ती शेवटची खरी तारीख. तिच्याशेजारी त्या महिन्यांतलं वजनही लिहिलेलं असेल तर तपासणाऱ्याचं निम्मं काम झालं.

*

शरीरात काय होतं ते थोडक्यात. पाळीचा कारभार गर्भाशयातून नाही, मेंदूतून चालतो. हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे ठोके पडतात, त्यावर पिट्यूटरी ग्रंथी आपले दोन निरोप अंडाशयाकडे धाडते, तेव्हा कुठे बीज तयार होतं. खाणं फार कमी झालं, चरबीतून येणारं लेप्टिन घसरलं, वर झोप नाही आणि डोक्याला ताप, की हे ठोके मंदावतात. बीज तयार होत नाही, इस्ट्रोजेन खाली येतं, पाळी थांबते. इथे अवयव कुठलाच बिघडलेला नसतो. तंगीत घर चालवणारी बाई आधी काय बंद करते? ज्याच्यावाचून आजचा दिवस निभेल ते. शरीर तेच करतं. बाळंतपणाची तयारी पुढे ढकलतं आणि हृदय चालू ठेवतं.

*

हे जुनंच आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली, तेव्हा तिथल्या असंख्य बायकांची पाळी गेली आणि नऊ महिन्यांनी जन्मांचा आकडा कोसळला. आपल्याकडे 1876-78 च्या दुष्काळानंतरही जन्माच्या नोंदी घसरल्या. त्याला रोगराई आणि गाव सोडून गेलेले पुरुष हीसुद्धा कारणं होती, पण उपासमार होतीच. नवं एवढंच, की आता ही उपासमार महिन्याची फी भरून मिळते.

*

"पण मी कुठे बारीक आहे?" हा प्रश्न रास्त आहे. 1974 साली रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी मांडलं की पाळी टिकायला अंगात ठरावीक टक्के चरबी लागते, आणि तो आकडा बरीच वर्षं लोकांच्या डोक्यात बसला. पुढे ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांनी वेगळीच बाजू दाखवली. नियमित पाळी असलेल्या 29 तरुणींना फक्त पाच-पाच दिवस कमी-जास्त खाणं देऊन त्यांनी संप्रेरकांचे ठोके मोजले. व्यायामात खर्ची पडलेली ऊर्जा वजा करून, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे 30 कॅलरींहून कमी उरल्या की ठोके बिघडू लागले. 2003 चा हा निबंध. मुद्दा जाडी-बारकेपणाचा नव्हता, दिवसाअखेर शरीराच्या हाती काय उरतं याचा होता.

आता हिशेब करा. वजन 60 किलो, त्यातली 18 किलो चरबी धरली तर उरले 42. त्याला 30 ने गुणलं की 1,260. जिमच्या भिंतीवरचा चार्ट म्हणतो 1,200 खा, आणि त्याच जिमचा ट्रेडमिल म्हणतो 350 जाळा. हाती राहिल्या 850. म्हणजे किलोमागे 20. कल्याणच्या जिन्यावरची धावपळ आणि परतीचं उभं राहणं यात धरलेलंच नाही. प्रत्येकीची सहनशक्ती वेगळी असते, 30 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. पण 60 किलोच्या, आरशात मुळीच बारीक न दिसणाऱ्या मुलीचीही पाळी का जाते, ते या गुणाकारातून कळतं.

*

उपवासांवर उगाच खापर नको. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट आणि वर तूप खाऊन कुणाची पाळी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गोत्यात आणतो तो रोजचा, न सांगितलेला उपवास: सकाळी लिंबूपाणी, डब्यात काकडी, संध्याकाळी "भूक नाही गं".

*

पाळी आणि गोळ्या यांचं ठाणे-डोंबिवलीत एक वेगळंच वेळापत्रक आहे. गणपतीच्या आधी मेडिकलमध्ये "पुढे ढकलायची गोळी" मागितली जाते, चिठ्ठीशिवाय मिळतेही. हे नॉरएथिस्टेरॉन. ते घेत असेपर्यंत पाळी येत नाही, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत येते. (रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ती गोळी काउंटरवरून घेऊच नये, पण काउंटरवर हे विचारणार कोण?) गणपती गेले, डाएट सुरू झालं, पाळी लांबली, की त्याच काउंटरवर उलटी मागणी: "यायची गोळी द्या."

कधीकधी येतेही, आणि मन शांत होतं. पण ते गोळी थांबवल्याचं रक्त. मेंदूतले ठोके परत सुरू झाल्याची ती खूण नव्हे. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. पाकीट संपलं की दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि आतली तंगी झाकली जाते. म्हणून कमी खाण्याने गेलेली पाळी नुसती आणून दाखवण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असं एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. इस्ट्रोजेन अगदीच तळाला गेलं असेल तर यायची गोळी घेऊनही काही येत नाही. मग घाबरून पपई, तीळ, ओवा.

*

पहिली तपासणी गरोदरपणाची. डाएट चालू असलं तरी, आधीपासून पाळी अनियमित असली तरी, "शक्यच नाही" असं वाटत असलं तरी. लघवीची पट्टी मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. आशाताईंकडे सरकारी "निश्चय" किट असतं. पट्टीवर दोन रेघा आल्या आणि लग्न झालेलं नसेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या: कायद्याने गर्भपाताचा हक्क अविवाहितेलाही आहे. 2021 ची दुरुस्ती आणि सप्टेंबर 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही तिच्या बाजूने आहेत. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांदा दुखू लागला तर रिपोर्टची वाट बघू नये. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

*

पट्टीवर एकच रेघ आली तर किती थांबायचं? पाळी आधी नियमित होती तर तीन महिने, अनियमित होती तर सहा, हा सर्वसाधारण दंडक. पण तो आळसाला परवाना नाही. वजन झरझर उतरत असेल, चक्कर येत असेल, केस मूठमूठ गळत असतील, सतत थंडी वाजत असेल, तर तीन महिन्यांची वाट कशाला? मुलगी पंधरा वर्षांची होऊनही पाळी आलीच नसेल, तर ती घोडबंदरच्या क्लासमध्ये कितीही छान नाचत असो, दाखवून घ्यायचं. स्तनांतून दूध येतंय, डोकं दुखतंय, कडेचं दिसत नाही, तर पिट्यूटरीकडे बघावं लागतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, दूध आलंच नाही, त्यानंतर पाळीही परतली नाही, तरीही तेच.

कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महापालिकांची ठिकाणं आहेत. केसपेपर काढायचा आणि स्त्रीरोग ओपीडीला बसायचं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल, सोनोग्राफी, एवढ्यावर बरंचसं उलगडतं. आत गेल्यावर जिमचा चार्ट, पावडरींचे डबे, "फॅट बर्नर"च्या गोळ्या, सगळं सांगायचं. आणि इंजेक्शनही: सरकारी कार्यक्रमातलं तीन महिन्यांचं "अंतरा" घेतलेल्या बाईची पाळी त्यामुळेच थांबलेली असू शकते. तिला उगाच डाएटची भीती घालण्यात अर्थ नाही.

*

न ठरवता उतरलेलं वजन हा विषय निराळा. शेजारणी कौतुक करतात, "छान बारीक झालीस," आणि तिला संध्याकाळी कणकण येत असते. दोन आठवड्यांवरचा खोकला, ताप, भूक मेलेली, वजन घटलेलं, पाळी नाही: आपल्या चाळीवस्तीत आधी टीबीचा विचार करायला हवा. टीबी गर्भाशयाच्या अस्तरातही बसतो, तेव्हा खोकला नसतोही. पाळी कमी होत जाते आणि मूल होत नाही म्हणून तपासताना तो सापडतो. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही वजन उतरतं, तर थायरॉइड. तहान आणि लघवी वाढली तर साखर. या बायकांना "थोडं खात जा" असा सल्ला देणं म्हणजे घातच.

*

पीसीओएसवाल्यांची गोष्ट उलटी. तिथे वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं की गेलेली पाळी बऱ्याचदा परत येते. 80 किलोच्या बाईचे चार ते आठ किलो, बस. म्हणूनच गफलत होते. एकीला लागू पडलेला चार्ट वहिनी नणंदेला फॉरवर्ड करते, आणि नणंदेची चांगली चाललेली पाळी बंद पडते. पीसीओएसमध्ये तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर अस्तर जाड होत जातं, तेव्हा डॉक्टर प्रोजेस्टेरॉन देतात आणि ते द्यायलाच हवं. म्हणजे वर गोळ्यांबद्दल मी जे लिहिलं ते हिला लागू नाही. कोण कुठल्या रांगेत, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

*

वर्षा मॅरेथॉनच्या दिवसांत उपवनकडून येऊरच्या चढावर पहाटे पळणाऱ्या मुली दिसतात. बघून बरं वाटतं. त्यांच्यातल्या काही जणी "पाळी गेली, कटकट गेली" असं हसत म्हणतात, तेव्हा मात्र बरं वाटत नाही. इस्ट्रोजेन हाडांनाही लागतं. हाडांची भर पडायची ती विशी-पंचविशीपर्यंत. त्याच वयात ते तळाला गेलं तर नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो, आणि पुढचं नुकसान पूर्ण भरून येतंच असं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंमधल्या ऊर्जेच्या या कमतरतेला वेगळं नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं. आपल्याकडचा ट्रेनर अजून म्हणतो, "मॅडम, बॉडी ॲडजस्ट होतेय."

*

कमी खाण्याने गेलेल्या पाळीवरचं औषध सांगितलं की लोक हिरमुसतात, कारण ते औषध म्हणजे जेवण. सकाळची पोळी परत डब्यात, वरणावर तूप, दुपारी उसळ, व्यायामाआधी केळं, आठवड्यातून काही दिवस पळणं बंद. वजन थोडं वाढतं. बऱ्याचदा पाळी गेली तेव्हा होतं त्याहून किंचित वर जावं लागतं. पाळी यायला महिने लागतात. घास उचलायचीच भीती वाटत असेल, खाल्ल्यावर उलटी काढली जात असेल, जुलाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आहारतज्ज्ञ पुरेसा नाही, मानसोपचार लागतो. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416. आईने "नखरे बंद कर आणि जेव" म्हणून हे सुटत नाही.

*

2025 मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं आपल्या केमिस्टकडेही आली. मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोवी. भूकच मरते, त्यामुळे वरचा सगळा हिशेब यांनाही लागू. शिवाय मौंजारोतल्या टिर्झेपॅटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध किंवा दुसरा उपाय वापरायला सांगतात. मूल हवं असेल तर वेगोवीतलं सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं.

आणि हे सगळ्याच जणींसाठी: बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. त्यामुळे वर्षभर पाळी नसलेल्या बाईलाही, पहिली पाळी दिसण्याआधीच, दिवस जाऊ शकतात. मूल नको असेल तर "पाळीच नाही, मग कशाला" असं म्हणून चालत नाही.