नाकातील वजन



तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी किंवा शेतीची कामे आटोपून, घर निजल्यावर हे पुस्तक उघडत असतील. माझाही एक छंद असाच रात्रीच्या वेळी जोपासला गेला आहे. शिरूरच्या घरी टेबलाच्या एका कोपऱ्यात मी व्हिएतनाम युद्धाच्या काळातील लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडत बसतो. पन्नाशी उलटलेल्या भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाचा हा उद्योग पाहून तुम्हांला हसू आले, तर मी रागावणार नाही.

या प्रतिकृती बहुधा एकास बहात्तर या प्रमाणात असतात. सहा फुटांचा एक इंच, असा तो हिशेब. सहा फुटी वैमानिक त्यात बोटाच्या पेराएवढा होतो. अमेरिकेच्या फँटम विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सोळा सेंटिमीटर भरतात, तर त्याच्याशी झुंजलेल्या मिग-२१ चे अवघे दहा. हे मिग आपल्याला परके नाही. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आले, पुढे नाशिकजवळ ओझर येथे बनू लागले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला निरोप देण्यात आला.

माझ्या कपाटात असे एक मिग शेपटी टेकून, नाक वर करून बसलेले आहे. त्याची हकीकत तुम्हांला सांगायची आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतर ते दौंडलाच राहिले. तेथेच त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाणीही गेली. उरला एकच शब्द : ‘बरं’. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला ‘तान’ एवढाच उच्चार करता येत असे. हा दाखला मी कित्येक वर्षे वर्गात देत आलो होतो. आता तो घरातच होता.

दर शनिवारी मी एस.टी.ने दौंडला जाई. सोबत चित्रांची कार्डे नेई. “अण्णा, हा कप. म्हणा, कप.” अण्णा तोंड फिरवत. एका शनिवारी मी कार्डांऐवजी मिगचे खोके नेले. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग त्यांनी डाव्या हाताने उचलले, तळव्यावर तोलून पाहिले. मी गोंद लावू लागताच त्यांनी माझे मनगट धरले. “बरं, बरं, बरं!” गोंदाचा वास सोसत नसेल, असे समजून मी खिडकी उघडली. मग त्यांनी खणातून जुनी डबी काढली आणि बेअरिंगच्या चार गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. अण्णांचे चित्त भरकटले आहे, असे मला वाटले. मी गोळ्या डबीत टाकल्या आणि विमान चिकटवून टाकले.

पुढच्या शनिवारी चाके बसवली. विमान टेबलावर ठेवले, तसे ते मागे कलंडले. नाक पोकळ आणि भार सारा मागे. धड बंद करण्यापूर्वी नाकात वजन घालावे लागते. सोबतच्या कागदावर तसे छापलेलेही होते. मी ते वाचले नव्हते. फिटरच्या तळव्याला ते न वाचताच कळले होते.

अण्णा अर्ध्या ओठांनी हसले. आजारपणानंतर प्रथमच. “बरं,” ते म्हणाले. या वेळी स्वर खाली उतरत गेला होता. मनगट धरतानाचा ‘बरं’ चढा होता. सुरावलीवर व्याख्याने देणाऱ्या मला हा भेद इतके आठवडे ऐकू आला नव्हता, कारण मी शब्दांची वाट पाहत होतो. त्या दिवसापासून कार्डे बंद झाली. आम्ही आणखी तीन विमाने जोडली. त्यांच्या नाकांत अण्णांच्या गोळ्या आहेत.

अण्णा आता नाहीत. पहिले मिग कापून दुरुस्त करता आले असते; मी ते केले नाही.

मित्रहो, ध्वनी, शब्द आणि अर्थ यांच्या व्याख्या तुम्ही जरूर पाठ करा. त्या परीक्षेत विचारल्या जातील. मात्र कोणी तुमचे मनगट धरले, तर गोंदाची नळी क्षणभर खाली ठेवा.