फिल्टर नेमका कुठे बसतो

हॅम रेडिओचा परवाना मिळाला आणि मी वापरलेला यासू एफटी-817 घेतला. 5 वॅटचा, बॅटरीवर चालणारा, डोंगरावर सॅकमधून नेता येणारा सेट. 40 मीटर बँडवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास, मोर्स ऐकायला बसलं की दोन-तीन स्टेशनं एकदमच कानात घुसायची. आपलं कुठलं, तेच कळायचं नाही.

हा सेट मोर्ससाठीही बोलण्याचाच फिल्टर वापरतो, साधारण 2.2 किलोहर्ट्झ रुंदीचा. मोर्सला त्यातला जेमतेम कोपरा पुरतो. आधी हेडफोनच्या वाटेत ऑडिओ फिल्टर जोडून पाहिला. शेजारची शिट्टी गेली, पण मला हवं ते दुबळं स्टेशन मधेच विरायचं, परत वर यायचं, परत विरायचं. शेजारी तर आता ऐकूही येत नव्हता! मग हे करतंय कोण?

ज्यांच्याकडे मी मोर्स शिकते ते काका म्हणाले, "अगं, तुला नाही ऐकू येत, सेटला येतोय ना."

तरी डोक्यात प्रकाश पडेना. मग त्यांनी कागदावर सेटचे टप्पे काढून दाखवले. एजीसी नावाची सेटमधली यंत्रणा जोरदार सिग्नल आला की सेटची ग्रहणशक्ती आपोआप खाली ओढते, आणि किती ओढायची हे ठरवते 455 किलोहर्ट्झच्या टप्प्यावर, तिथल्या फिल्टरमधून जे पार होतं त्यावरून. शेजाऱ्याचा प्रत्येक 'डा', म्हणजे मोर्समधला लांब सूर, त्या 2.2 किलोहर्ट्झमध्ये शिरत होता आणि दर वेळी माझं स्टेशनही दाबलं जात होतं. माझा ऑडिओ फिल्टर या सगळ्याच्या नंतर. दाबलं गेलेलं तो वर कुठून आणणार? अडवायचं तर एजीसीच्या आधीच अडवायला हवं.

त्या जागी बसतो तो वायएफ-122सी, 500 हर्ट्झचा कॉलिन्स मेकॅनिकल फिल्टर. अमेरिकेत आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या कॉलिन्स कंपनीने 1950च्या दशकात असे फिल्टर रेडिओत रुजवले. विजेचा सिग्नल आत शिरतो, त्याची धातूत खरोखरची थरथर होते, ठरावीक कंप्रतेलाच साथ देणारे धातूचे कंपक बाकीचं अडवतात आणि पलीकडे पुन्हा वीज निघते. मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

बसवताना डाग द्यावा लागत नाही. बॅटरी आणि बाहेरची वायर काढायची, वरचं झाकण हळूच उचलायचं, कारण स्पीकरची तार त्यालाच जोडलेली असते. फिल्टरच्या पिना बोर्डावरच्या खाचांत सरळ दाबायच्या. मग मेनूत जादा फिल्टर सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्सचा, आहे असं सांगायचं आणि 'एनएआर', म्हणजे अरुंद फिल्टर, चालू करायचं.

ते चालू केलं आणि बँड रिकामा झाल्यासारखा वाटला. डायल जरा हलवली की स्टेशन गायब! म्हणून आता रुंद फिल्टरवर स्टेशन शोधते, त्याचा सूर सेटच्या साइडटोनशी, म्हणजे मी मोर्स पाठवताना मला ऐकू येणाऱ्या सुराशी, जुळवते, मग अरुंद करते. शेजारी कितीही जोरात असो, दुबळं स्टेशन आता जागचं हलत नाही.

जागा मात्र एकच आहे. तिथे बोलण्यासाठीचा वायएफ-122एसही बसतो. पण तो 2.3 किलोहर्ट्झचा, म्हणजे कागदावर मूळच्यापेक्षा किंचित रुंदच. त्याचा आवाज अधिक स्वच्छ येतो असं वापरणारे सांगतात. ते का, हे काकांना विचारायचं आहे. तोवर माझ्या सेटमध्ये 500 हर्ट्झचाच राहील.