दूरचा पक्षी, जवळचा चेहरा

सुपरझूम ब्रिज कॅमेरा आणि सुरुवातीच्या पातळीचा डीएसएलआर दुकानाच्या काउंटरवर शेजारी ठेवले, तर बाहेरून फारसे वेगळे दिसत नाहीत. दोन्हींना पकडीसाठी उजवीकडे फुगवटा असतो, वर फ्लॅशचा उंचवटा असतो आणि मागे डोळा लावायची खिडकी असते. फरक आत आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो आणि डोळ्याला प्रत्यक्ष दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. लेन्स काढून दुसरी बसवता येते. ब्रिज कॅमेऱ्यात आरसा नसतो, लेन्स कायमची जोडलेली असते आणि खिडकीत दिसतो तो एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक पडदा.

त्याहून मोठा फरक सेन्सरचा. निकॉन डी३५०० हा २०१८ सालचा डीएसएलआर घेतला, तर त्याचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमीचा आहे. निकॉनच्याच पी९०० या २०१५ सालच्या ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.१७ × ४.५५ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तेरा पट लहान. लहान सेन्सरमुळेच एवढी झूम शक्य होते. पी९००च्या खोक्यावर ‘८३ एक्स’ आणि ‘२४–२००० मिमी’ असे आकडे असतात, पण त्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ४.३ ते ३५७ मिमी आहे. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर तेवढेच दृश्य टिपायला २००० मिमीची लेन्स लागली असती, एवढाच त्या मोठ्या आकड्याचा अर्थ. पुढे २०१८ साली आलेल्या पी१०००मध्ये हाच आकडा ३०००वर गेला आणि कॅमेऱ्याचे वजन जवळजवळ दीड किलोवर.

या आकड्यांचा प्रत्यक्ष परिणाम एका उदाहरणाने तपासता येतो. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३० सेंमीचा कोतवाल तारेवर बसला आहे आणि अंतर ३० मीटर आहे. पी९००ची लेन्स पूर्ण ताणली, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेतीन मिमीची पडते आणि फोटोच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापते. रुंदीच्या ४६०८ पिक्सेलपैकी सुमारे २६५० पिक्सेल पक्ष्याला मिळतात. डी३५००ला ३०० मिमीची लेन्स लावली, तर प्रतिमा ३ मिमीची, पण सेन्सर मोठा असल्याने ६००० पिक्सेलपैकी पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ७६५ पिक्सेल येतात. आणि डीएसएलआरसोबत मिळणारी १८–५५ मिमीची किट लेन्सच तेवढी असेल, तर तोच कोतवाल १४० पिक्सेलचा काळा ठिपका होतो. डीएसएलआर म्हणजे आपोआप चांगला फोटो, या समजुतीवर कॅमेरा घेणाऱ्या पक्षीवेड्या माणसाची निराशा होते ती इथे.

मात्र झूमच्या आकड्यापेक्षा आणि सेन्सरच्या मापापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट खोक्यावर ठळक छापलेली नसते. ती म्हणजे लेन्सचे तोंड प्रत्यक्षात किती उघडते. हिशेब सोपा आहे: खऱ्या फोकल लेंग्थला एफ-क्रमांकाने भागायचे. पी९०० पूर्ण झूमवर एफ/६.५ असतो, म्हणजे ३५७ भागिले ६.५, सुमारे ५५ मिमी. डीएसएलआरवरची स्वस्त ७०–३०० मिमी लेन्स ३००वर एफ/६.३ असते, म्हणजे सुमारे ४८ मिमी. कोतवालाकडून येणारा प्रकाश दोघांकडे जवळपास सारखाच गोळा होतो, किंबहुना ब्रिज कॅमेरा थोडा पुढे आहे. त्यामुळे लहान सेन्सर म्हणजे वाईट चित्र, हे सरसकट विधान दूरच्या पक्ष्याच्या बाबतीत खरे नाही. डीएसएलआरचा फोटो कापून पक्षी तेवढाच मोठा केला, की त्याच्या मोठ्या सेन्सरचा बहुतेक भाग कातरणात वाया जातो.

अर्थात साडेतीन पट पिक्सेल म्हणजे साडेतीन पट तपशील नव्हे. एफ/६.५ला प्रकाशाचा प्रत्येक बिंदू विवर्तनामुळे पसरून सुमारे पावणेनऊ मायक्रॉनची चकती होतो. पी९००चा एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा आहे, म्हणजे ती चकती सहाएक पिक्सेल झाकते. पिसांच्या कडा पूर्ण आकारात पाहिल्या की मऊ दिसतात त्याचे हे कारण. ते फोकसच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तरीही लांबच्या पक्ष्यावर ब्रिज कॅमेरा स्वस्त टेलीलेन्स लावलेल्या डीएसएलआरच्या पुढेच राहतो. त्याला खरोखर अडवते ती हवा. धरणाच्या पाण्यावर ऊन चढले की दहा-अकरापासून हवा थरथरू लागते आणि दोनशे मीटरवरचा बगळा चित्रात वितळल्यासारखा दिसतो. त्यावर कोणताही कॅमेरा उपाय करू शकत नाही. पहाटे पोहोचणे हाच इलाज.

हिशेब उलटतो तो पक्ष्याजवळ जाता आले की. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठिकाण, हे मनोऱ्यावरून पाहायचे अभयारण्य आहे. बदके आणि करकोचे बरेचदा दूर असतात आणि जवळ जायचा मार्ग नसतो. तिथे ब्रिज कॅमेरा गळ्यात असणाऱ्याला पक्ष्याची जात ओळखण्यापुरते चित्र हमखास मिळते, शेजारचा किट लेन्सवाला रिकाम्या हाताने परततो. उजनीच्या फुगवट्यावरच्या भिगवणला मात्र स्थानिक मच्छीमारांच्या होडीतून हलक्या हाताने पुढे सरकता येते. पक्षी सात-आठ मीटरवर आला, की डीएसएलआरची ३०० मिमी लेन्स ४८ मिमीच्या पूर्ण तोंडानिशी चौकट भरते. ब्रिज कॅमेऱ्याला तेवढीच चौकट भरण्यासाठी झूम मागे, ८० मिमीच्या आसपास आणावी लागते आणि त्याबरोबर त्याचे तोंड निम्म्याहून कमी होते. प्रकाश कमी, तपशील कमी, पार्श्वभूमी अधिक गजबजलेली. डीएसएलआर जवळ जाण्याचे कष्ट फेडतो. ब्रिज कॅमेऱ्यात तेच कष्ट बरेचसे वाया जातात. (पक्षी उडवण्याइतके जवळ जाणे ही मात्र कोणत्याही फोटोसाठी फार मोठी किंमत आहे.)

घरातल्या आणि समारंभातल्या फोटोंना हाच नियम अधिक कठोरपणे लागू होतो. रुंद बाजूला पी९०० एफ/२.८ असतो. आकडा ऐकायला उदार वाटतो, पण ४.३ भागिले २.८ म्हणजे दीड मिमीचे तोंड. डीएसएलआरची साधी किट लेन्ससुद्धा १८ मिमी, एफ/३.५ला पाच मिमी उघडते, आणि ३५ मिमी एफ/१.८ची छोटी प्राइम लेन्स एकोणीस मिमी. मंगल कार्यालयात अंतरपाट धरला आहे, वरून पिवळे दिवे, बाजूने व्हिडिओवाल्याचा पांढरा झोत, आणि पाहुण्यांच्या गर्दीत नवरीची आजी एका बाजूला उभी आहे. त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यांतले पाणी टिपायचे तर फ्लॅश चालत नाही, कारण फ्लॅश तो प्रकाशच पुसून टाकतो. ३५ मिमी प्राइम लावलेला डीएसएलआर अशा वेळी १६०० आयएसओवर शांतपणे काम करतो. ब्रिज कॅमेरा आयएसओ चढवतो, मग नॉईज घालवण्यासाठी चित्र घासतो आणि सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. माणसांचे फोटो ज्याला मनापासून काढायचे आहेत त्याने सुपरझूमकडे वळू नये.

हलत्या विषयावरही डीएसएलआर सरस आहे. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य उशिरा पोहोचत नाही आणि फोकससाठी वेगळे फेज डिटेक्शन सेन्सर असतात, त्यामुळे लेन्सने कोणत्या दिशेला किती सरकायचे हे त्याला एका मापात कळते. पी९००सारखा कॅमेरा कॉन्ट्रास्ट तपासत पुढे-मागे चाचपडतो. शिवाय सेकंदाला सात फोटो काढू शकत असला तरी सात झाले की थांबतो, आणि ते कार्डावर लिहून होईपर्यंत घार निघून गेलेली असते. स्थिर पक्ष्यावर मात्र त्याचे स्थिरीकरण उत्तम आहे: हातात धरून २००० मिमीच्या चौकटीत १/१२५ सेकंदाला स्पष्ट फोटो निघतो. हे स्थिरीकरण हाताचा कंप घालवते, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही.

रॉ फाइलचा, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवण्याचा, मुद्दा खरेदीपूर्वी तपासून घ्यावा. सुरुवातीच्या डीएसएलआरमध्येही रॉ असते. ब्रिज कॅमेऱ्यांत ते मॉडेलवर अवलंबून आहे: कॅननच्या एसएक्स६०मध्ये होते, पी९००मध्ये नव्हते, पी१०००मध्ये आले. पांढऱ्या बगळ्याचा उन्हातला फोटो जेपेगमध्ये एकदा पांढराफट्ट झाला, की पिसांच्या रेघा परत येत नाहीत.

लहान सेन्सरचा सुपरझूम आणि डीएसएलआर या दोन टोकांच्या मध्ये १ इंच म्हटल्या जाणाऱ्या, म्हणजे १३.२ × ८.८ मिमी सेन्सरचे ब्रिज कॅमेरे आहेत. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ त्यांतला सर्वांत परिपूर्ण: २४–६०० मिमीची चौकट, एफ/२.४–४, वेगवान फोकस. पण त्याची किंमत नवख्याच्या हिशेबाबाहेर जाते.

किमतीची तुलना करताना डीएसएलआरच्या बाजूला नेहमी लेन्स धरून बेरीज करावी. बॉडी आणि किट लेन्स ही फक्त पहिली रक्कम. ज्याला पुढे लेन्स घ्यायचीच नाही, त्याने डीएसएलआर घेणे म्हणजे जड ओझे वागवून फोनएवढीच झूम मिळवणे. प्रवास, किल्ले, दूरचे पक्षी, चंद्र आणि एकच कॅमेरा, कायमचा: असे असेल तर ब्रिज कॅमेरा हीच शहाणी निवड आहे आणि ती करताना कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

प्राथमिक डीएसएलआर आता नवे क्वचितच मिळतात. डी३५००चे उत्पादन थांबले आणि कंपन्या मिररलेसकडे वळल्या. त्यामुळे अनेकांची खरेदी जुन्या बाजारात होते, मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ओळखीपाळखीतून. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या ‘डी’ प्रकारच्या स्वस्त लेन्स त्यांवर हाताने फोकस कराव्या लागतात. शटर किती वेळा उघडला ते विचारावे. डी३५००चा शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेला आहे. लेन्स काढून मागून टॉर्च मारावा आणि काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हटकून लागते. जुना ब्रिज कॅमेरा घेताना झूम पूर्ण टोकापर्यंत नेऊन आकाशाचा एक फोटो काढावा. पुढे-मागे होणारी नळी धूळ आत ओढते, आणि सेन्सरवर बसलेला कण लेन्स काढता येत नसल्याने घरी पुसता येत नाही. कॅमेरा उघडून घ्यावा लागतो आणि तो खर्च बरेचदा जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. दोन्ही प्रकारांना पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागतेच, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा डब्यात ठेवता येते.