पेट्रोल भरलं आणि गाडी आचके देऊ लागली

वरण शिजलं नाही तर आपण काय करतो हो? लगेच कुकर काही भंगारात काढत नाही. डाळ नवी आणली होती का, पाणी बोअरचं होतं का, ते आधी आठवतो. कालपर्यंत ठीक होतं, मग आज काय बदललं? मैत्रिणींनो, गाडीलाही हाच हिशेब लागतो, आणि तो आपल्याला चांगला येतो!

आम्ही मूलचे. सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी दर महिन्याला चंद्रपूरला न्यावं लागतं. ह्यांना सुटी मिळत नाही, म्हणून गाडी मीच चालवते. रस्ता साधारण 45 किलोमीटरचा, बराचसा जंगलातून. सगळा वाघाचा मुलूख. तिथे गाडी बंद पडली तर सत्तरीच्या बाईला घेऊन उतरायचं कुठे?

2025 च्या पावसाळ्यात, आदल्या रात्री धो-धो पाऊस झालेला असताना, मी पेट्रोल भरलं. तीन-चार किलोमीटर गेले नाही तोच गाडी आचके देऊ लागली. अॅक्सिलरेटर दाबला की उचकी लागल्यासारखी अडखळायची. जंगल लागायच्या आत मी गाडी परत फिरवली. सासूबाईंची तपासणी हुकली ती हुकलीच.

घरी हे म्हणाले, "क्लच नीट सोडत नसशील." मिस्त्री तर हसलाच. "वहिनी, बायकांच्या हातची गाडी अशीच चालते जी. प्लग बदलून देतो."

मी म्हटलं, थांबा. सकाळी पंपापर्यंत गाडी लोण्यासारखी आली. रस्ता तोच, हात तोच, क्लचही तोच. बदललं ते फक्त टाकीतलं पेट्रोल. प्लग नंतर बदला, आधी ते काढून दाखवा.

त्यानं अंगणात, मोकळ्या हवेत, काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढलं. पंधरा मिनिटांत बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला. पाणी!

याचं कारण सोपं आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. आणि गाडीचा पंप पेट्रोल ओढतो तेही तळातूनच. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हे इथेनॉल पाण्याला जवळ करणारं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण जास्त झालं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. पावसाचं पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत झिरपलं, तर ते आपल्या गाडीत यायला कितीसा वेळ? जून 2025 मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेलमधल्या पाण्यानं अशाच बंद पडल्या होत्या. तिथे कुणी क्लचला दोष दिला नाही!

पण दर वेळी पाणीच असेल असं नाही. लक्षणं नीट बघा.

पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नाही, थोडी खोकते आणि मग सुरळीत चालते? मग टाकी काठोकाठ भरली असेल. नळी आपोआप बंद झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हटलं की जास्तीचं पेट्रोल वाफेसाठी ठेवलेल्या कोळशाच्या डब्यात शिरतं. पहिल्या 'टक्'ला थांबायला सांगा. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर त्या डब्याचा व्हॉल्व्ह तपासून घ्या.

धूर निघतोय, ताकद गेलीय? पेट्रोलच्या गाडीत डिझेल तर नाही ना भरलं, ते पावतीवर बघा. तसं असेल तर इंजिन लगेच बंद करा.

आणि काही किलोमीटरांनंतर आचके सुरू झाले, थांबेचनात, तर पाण्याचा किंवा भेसळीचा संशय घ्या. गाडी रेटू नका. टाकी रिकामी करून फिल्टर बघायला सांगा. हे सगळं स्वच्छ निघालं, तर मग खुशाल प्लग आणि कॉइल तपासा.

पावती मात्र जपून ठेवा. मी ती घेऊन पंपावर गेले. आधी त्यांनी हात झटकले. मी म्हटलं, "टाकीत दांडी घालून पाण्याची पेस्ट लावा, माझ्यासमोर." पेस्टचा रंग बदलला, आणि त्यांचा सूरही. टाकी साफ करण्याचा खर्च त्यांनी दिला. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि 5 लिटरचं माप तपासून मागणं हा आपला हक्कच आहे. फिल्टर पेपरवरचा पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे; डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायची. पाण्यासाठी मात्र पेस्टच हवी.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंना चंद्रपूरला नेऊन आणलं. आणि हल्ली हे स्वतः पेट्रोल भरून आले की मला फाटकापाशी बोलावतात, "जरा ऐक गं, आवाज बरोबर आहे ना?"