प्रश्नचिन्हाचा पाठ

ज्यांच्या हाती पहिल्यापासून मोबाइलच आला, अशा विद्यार्थ्यांना मोडेमचा आवाज कसा होता हे सांगू लागलो की आमची पंचाईत होते. आधी टेलिफोनचा सलग सूर, मग नंबर फिरल्याचे ठोके, मग पलीकडून एक तीव्र शीळ आणि तिला उत्तर म्हणून अलीकडून खरखर. जणू दोन अनोळखी माणसे परस्परांची बोली चाचपून पाहत आहेत. वस्तुतः घडत होते तेही हेच. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी ती वाहून नेई. संगणकाला त्या तारेतून काही पाठवायचे तर त्याला आपले आकडे आधी आवाजात रूपांतरित करावे लागत. मोडेमचे काम एवढेच.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला आमच्या घरात ते यायला २००३ साल उजाडले. आम्ही दोघे भावंडे तेव्हा मराठी घेऊन एम.ए. करीत होतो, बहीण दुसऱ्या वर्षाला, भाऊ पहिल्या. संगणक दुरुस्त करणारा माणूस जालन्याला, त्याची फेरी महिन्याकाठी एखादी. त्यामुळे जे बिघडेल ते आपणच समजून घ्यायचे, असा घरचा दंडक पडला.

बिघडे तर रोजच. पडद्यावर ६८० हा आकडा आला की तारेत सूरच नाही असे समजावे. ६७६ आला तर पलीकडची लाइन व्यस्त. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही आणि ६९१ म्हणजे नाव किंवा परवलीचा शब्द चुकला. आकडे पाठ होते, परंतु आकडा म्हणजे निदान नव्हे, हे हळूहळू कळत गेले. ६८० आला की आम्ही प्रथम मोडेमची वायर काढून तिथे साधा फोन लावून ऐकत असू. सूर असेल तर दोष तारेत नाही. मग आतल्या खोलीतला दुसरा फोन कुणी उचलून ठेवला आहे का, ते पाहायचे. तोही जागेवर असेल, तर सूर येण्याची वाट न पाहता नंबर फिरव, असे मोडेमला सांगायचे. आपल्याकडचा सूर त्याला ओळखता येत नसावा, अशी शंका त्यामागे असे. तेवढ्यानेही भागले नाही तर ‘टोन’ सोडून ‘पल्स’वर यायचे. वळवाचे दिवस आले आणि वीज कडाडू लागली की आधी धावत जाऊन फोनची पिन उपसायची. एका वैशाखात ती उपसायची राहिली आणि मोडेम कायमचा मुका झाला.

दोष शोधण्याची रीत एकच होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. पाठचिकित्सेच्या तासाला सर हेच शिकवीत होते. हस्तलिखितात शब्द खटकला तर लगेच कवीला दोष देऊ नये. आधी लेखनिकाची नजर, मग त्याच्यासमोरची प्रत, मग कागद, मग कसर, असे एकेक कारण तपासावे. संगणकाने आम्हाला काही शिकविले असेल तर ते हेच, असे आम्हाला तेव्हा वाटे. पुढे जे घडले त्यावरून, आम्ही ते नीट शिकलो नव्हतो, असेच म्हणावे लागेल.

दुसरा बिघाड पडद्यावरच्या मराठीचा. याचा उलगडा थोडा विस्ताराने करायला हवा, कारण या लेखाचे मर्म तिथे आहे. त्या काळी बहुतेक मराठी टंकलेखन ज्या फॉन्टांमध्ये चाले, त्यांत मराठी अक्षर असे काही साठविलेले नसेच. फाइलमध्ये असत ती रोमन अक्षरे आणि युरोपीय चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी तुकड्यांचा मुखवटा चढवी. एका आकड्यावर अर्धा ‘च’, दुसऱ्यावर उभा दंड, तिसऱ्यावर वेलांटी. एकूण जागा २५६. त्यांपैकी १२८ जागा सर्व संगणकांना समान. उरलेल्या १२८ जागांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावलेला. फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडे आणि खालची अगम्य चिन्हे उघडी पडत. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणजे जितके फॉन्ट तितक्या लिपी.

युनिकोडचा मार्ग याहून मुळातच वेगळा. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरीला त्यात १२८ स्वतंत्र स्थाने आहेत. तिथे आकारांची नव्हे, वर्णांची नोंद होते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात व्यंजन आधी येते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो आणि वेलांटी पुढे नेऊन दाखविण्याचे काम संगणकावर सोपवितो. विंडोज एक्सपीमध्ये हे काम करणारी सामग्री वेगळी बसवावी लागे. ती नसली की वेलांटी अक्षराच्या मागे जाई आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. नियंत्रण कक्षातल्या भाषांच्या पानावर एक चौकोन टिचकवायचा, मूळ सीडी घालायची, की मराठी पुन्हा सांधली जाई. ही युक्ती आम्ही कितीतरी जणांना फोनवरून सांगितली आणि त्यातून आम्हाला तज्ज्ञ असल्याचा भास होऊ लागला.

आजीच्या ओव्यांचे प्रकरण याच दिवसांतले. ती जात्यावर बसलेली आम्ही फारशी पाहिली नाही. गिरणी आल्याला कितीतरी वर्षे लोटली होती. परंतु सूप हातात घेतले, धान्य निवडायला बसली, की ओवी आपोआप येई. एम.ए.च्या प्रकल्पासाठी आम्ही त्या एका वहीत उतरवून घेतल्या : २१२ ओव्या. उन्हाळ्याच्या सुटीत भारनियमनाच्या वेळा चुकवीत, पहाटे आणि मध्यरात्री बसून, त्या संगणकावर टंकित केल्या. आजी मागे येऊन उभी राही. एकदा तिने विचारले, “ह्या डब्ब्यात माझी गाणी ऱ्हातील का रं?” “वहीपेक्षा जास्त दिवस राहतील, आजी,” असे आम्ही सांगितले. आमचा त्यावर विश्वास होता. पुढच्या दिवाळीत घर आवरताना ती वही रद्दीत गेली आणि ती गेल्याचे आम्हा दोघांपैकी कुणालाही वाईट वाटले नाही.

मार्गदर्शक सरांना ओव्या ईमेलने पाठवायच्या होत्या. आमच्या तारेवर मोडेम २८.८ किलोबिटपुढे क्वचितच जाई; म्हणजे एक मेगाबाइटला सुमारे पाच मिनिटे, तीही लाइन तुटली नाही तर. जोडलेली फाइल तीनदा अर्ध्यावर राहिली. तेव्हा आम्ही मार्ग काढला : सगळा मजकूर उचलून थेट पत्रातच चिकटवला. पत्र एका दमात गेले. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, “अहो, काहीतरी अगम्यच दिसतंय इथे.” आम्ही आत्मविश्वासाने उत्तरलो, “सर, तुमच्याकडे फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की दिसेल.” अगम्य दिसते ते फॉन्टअभावी, हे आम्हाला शंभर वेळच्या अनुभवाने ठाऊक होते. एकशे एकाव्या वेळी आम्ही तपासून पाहिले नाही. पुढे प्रकल्प कागदावर छापून दिला, गुण मिळाले, ती प्रत महाविद्यालयात जमा झाली आणि यथावकाश तीही सापडेनाशी झाली.

आजी २००६ साली गेली. २००९ साली तो संगणक सुरूच होईना. हार्ड डिस्क निकामी झाली होती. फ्लॉपीवरची प्रत काढावी म्हटले, तर तीन पावसाळ्यांत चकतीवर बुरशी आलेली. उरले होते ते जुन्या खात्यातले एकच पत्र. ते आम्ही उघडले आणि प्रथमच, सरांनी पाहिले होते ते, नीट पाहिले. रोमन चिन्हांच्या त्या गर्दीत जागोजाग प्रश्नचिन्हे होती. आम्ही टंकित न केलेली.

वरच्या १२८ जागांतली चिन्हे वाटेतल्या कुठल्याशा यंत्राला समजली नव्हती. जे समजले नाही तिथे त्याने प्रश्नचिन्ह टाकून पत्र पुढे धाडले होते. मुखवटा गळणे वेगळे आणि चेहराच पुसला जाणे वेगळे. पहिल्यात अक्षर लपलेले असते, दुसऱ्यात ते उरतच नाही. सरांच्या फोननंतर आम्ही एकदा जरी ते पत्र आपल्याकडे उघडून पाहिले असते, तरी वही नसली तरी फाइल होती, आजी होती, सगळे पुन्हा लिहून घेता आले असते.

तो फॉन्टही आता मिळेना. ज्या टंकलेखनाच्या दुकानातून तो फ्लॉपीवर आणला होता, ते दुकानच बंद झाले होते. तेव्हा आमच्या हाती राहिली एक सांकेतिक लिपी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे व भावे यांनी तिची उकल केली, हे आपण वर्गात दर वर्षी सांगतो. त्या थोरांशी बरोबरी करण्याचा हेतू नाही. रीत मात्र तीच वापरली. पाठ असलेल्या दोन-तीन ओव्यांपासून सुरुवात केली. ‘पंढरी’ आणि ‘इठ्ठल’ हे शब्द पुन्हा पुन्हा येणारच, म्हणून सारख्या दिसणाऱ्या चिन्हांचे पुंजके शोधले. डावीकडे चिन्ह, उजवीकडे अक्षर, असा तक्ता तयार झाला. प्रश्नचिन्हांच्या जागी काय होते ते यमकाने, अक्षरसंख्येने आणि आजीच्या बोलीने सांगितले. दोन सुट्यांत बहुतेक ओव्या उभ्या राहिल्या. नऊ जागा राहिल्या, त्यांपैकी आठ किरकोळ आहेत.

नववी जागा अशी : ‘भाऊ ?ीर देतो बहिणीला’. प्रश्नचिन्हानंतर दंडाचे चिन्ह शाबूत आहे, म्हणजे हरवलेले अक्षर दंडाचे. अर्थाच्या दृष्टीने दोनच पाठ संभवतात. ‘चीर’, म्हणजे वस्त्र, लुगडे, किंवा ‘धीर’. क्रियापद भावाच्या मागे जाते, त्यामुळे लिंगावरूनही निवाडा होत नाही. यमकाचा शब्द दुसरीकडे आहे, तोही उपयोगाचा नाही. आमच्यातली बहीण म्हणते, ‘चीर’. भाऊबीजेच्या ओव्यांत साडीचोळीच येणार आणि आजी वस्तूंची नावे घेई, भावनांची नव्हे. भाऊ म्हणतो, ‘धीर’. मागची ओवी दुष्काळाची आहे, त्या वर्षी कुठले चीर? दोन्ही युक्तिवाद सबळ आहेत. आम्ही दोघांनीही ती ओवी आजीच्या तोंडून ऐकली, स्वतःच्या हाताने लिहिली, स्वतःच्या बोटांनी टंकित केली आणि आज दोघांनाही ती आठवत नाही, ही खरी शरमेची गोष्ट आहे. संगणकात आहे म्हटल्यावर स्मरणाने आपले काम सोडून दिले होते.

२०१८ साली हसनाबादला गेलो असता आजीच्या वयाच्या जवळपास पोचलेल्या एका शेजारणीला आम्ही दोन्ही पाठ म्हणून दाखविले. खरे कोणते, काकू? त्या हसल्या. “ज्याच्याकडं जे असंल ते देतो भाऊ,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा निवडण्यात गुंतल्या. मौखिक परंपरेच्या दृष्टीने हे उत्तर अचूक आहे. ओवी गाणारीची असते, त्या त्या सकाळची असते. तिला एकच शुद्ध पाठ असतो ही कल्पना आपली, छापील पुस्तकांच्या मंडळींची. परंतु आमचा प्रश्न ओवीचा नव्हताच. आमच्या आजीने काय म्हटले, एवढाच होता आणि त्याचे उत्तर काकूंपाशी असणे शक्य नव्हते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपल्या पदरची भर घालू नये, अशी ताकीदही दिली. आम्ही ती शिरोधार्य मानली आहे. युनिकोडमध्ये केलेल्या आमच्या प्रतीत ते प्रश्नचिन्ह तसेच आहे. तळटीपेत दोन्ही पाठ दिले आहेत.

हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या २०१७ पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संकेतस्थळावर क्रमाने येत आहेत. तिथे कित्येक ओव्या गाणारणींच्या आवाजातही ऐकायला मिळतात. त्या ऐकताना आमच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की आम्ही आवाज ठेवला नाही. घरात टेपरेकॉर्डर होता.

आज मोडेम नाही, ६८० नाही, मराठीसाठी सीडी शोधावी लागत नाही. परंतु जुन्या फॉन्टांतले प्रबंध, प्रकल्प आणि लोकसाहित्याची टिपणे अजून अनेकांच्या कपाटातल्या सीडींवर पडून असतील. वाचकांपैकी कुणाकडे असतील तर त्यांना एवढीच विनंती : फाइल आजच उघडून पाहा. अगम्य दिसली तर घाबरू नका. फॉन्ट मिळेल, तक्ता करता येईल. त्या गर्दीत प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र ज्यांनी ते सांगितले ती माणसे आहेत का, ते आधी पाहा. असतील तर वही घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि ती वही रद्दीत देऊ नका.