मुक्काम पोस्ट अमरावती

माझी आत्या इंद्राच्या शेजारी राहते, असं वयाच्या आठव्या वर्षापर्यंत मी अगदी प्रामाणिकपणे समजत होतो. यात माझा दोष फारसा नव्हता. आमचं बिऱ्हाड अकोल्याला. रात्री आजी गोष्ट सांगायची. गोष्टीत इंद्र असायचा आणि इंद्राची राजधानी अमरावती. दिवसा पोस्टमन आत्याचं कार्ड टाकून जायचा, त्यावरही ठसठशीत अमरावती. एका नावाची दोन गावं असू शकतात ही शंका यायला जी अक्कल लागते, ती मला पुढे सरकारी नोकरीत आल्यावर आली.

शाळेत एकदा मी ही गोष्ट भर वर्गात सांगूनही टाकली. पोरं हसतील म्हणून मी तयारीत होतो. पण आमचे मास्तर मूर्तिजापूरचे. ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. पण तिथं जायला बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते."

आणि खरोखरच बदलावी लागली. मुंबई-नागपूर हा मोठा लोहमार्ग अमरावतीला वळसा घालून बडनेऱ्यावरून जातो, आणि तिथून एक छोटा फाटा देवांच्या राजधानीकडे निघतो. सुट्टीत वडिलांबरोबर पहिल्यांदा निघालो तेव्हा मूर्तिजापूर गेलं, कुरूम गेलं, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही ट्रंकेवर बसून दोन तास काढले. स्वर्गाच्या दाराशी ताटकळलेला पहिला माणूस त्रिशंकू, असं पुराणं सांगतात. त्याला निदान डोकं खाली-पाय वर असं लटकायला तरी मिळालं. आम्हाला फलाटावर बाकसुद्धा रिकामं नव्हतं.

अमरावतीच्या स्टेशनाबाहेर टांगा होता. त्याच्या घोड्याकडे बघून मी उच्चैःश्रव्याबद्दलची आशा सोडली. तरी अंबागेटाचा तो दगडी दरवाजा दिसला तेव्हा पुन्हा जीव भांड्यात पडला. इंद्राच्या नगरीला हजार दरवाजे, असं आजी म्हणायची. इथं अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट अशी मोजकीच नावं. पण परकोट होता, दरवाजा होता, मग इंद्र कुठेतरी आतच असणार. ही भिंत देवांनी नव्हे तर निजामाच्या राज्यात पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधली गेली, हे मला कोणी सांगितलं नाही, हे बरंच झालं.

आत्या अंगणात झाडत होती. मी पाया पडून लगेच विचारलं, "आत्या, इंद्र कुठं राहतो?"

"आधी हातपाय धू," आत्या म्हणाली. "मंग दाखवते."

इंद्र काही तिनं दाखवला नाही, पण इंद्राच्या मालकीची एक वस्तू मात्र दाखवली. अंगणात विहिरीच्या कडेला प्राजक्ताचं झाड होतं. "हे इंद्राच्या बागेतलं. कृष्णानं तिथून उपटून आणलं. लावलं सत्यभामेच्या अंगणात, अन् फुलं पडत रुक्मिणीच्या. रुक्मिणी कोन? आपल्या कौंडिण्यपूरची. मंग ते सारे फुलं झाडले कोनं, सांग बरं? आपल्याच इकडच्या पोरीनं!"

हा अन्याय मला तत्काळ पटला. मी विचारलं, "आणि त्याच्याआधी? झाड इंद्राकडे होतं तेव्हा तिथं कोण झाडायचं?"

आत्यानं केरसुणी थांबवली. जरा विचार केला. "तिथं कोनीच नाही झाडत, बाबू. म्हनून तं झाड इकडे आलं."

वाचकहो, हा प्रश्न पुढे माझ्या डोक्यातून गेला नाही. मी सरकारी बांधकाम खात्यात कारकून झालो आणि बत्तीस वर्षं रस्ते, मोऱ्या आणि ठेकेदारांची बिलं यांत बुडून गेलो. माणूस ज्या धंद्यात असतो त्याच डोळ्यांनी तो स्वर्गाकडेही बघतो. सोनार असतो तर मी इंद्राचा मुकुट तोलला असता. मी कारकून, म्हणून मला पहिली शंका आली ती ही, की या देवांच्या नगरपालिकेचा कारभार चालतो कसा?

बांधकाम खातं विश्वकर्म्याकडे, हे ठीकच. पण इंद्रानं त्याला असं पिळून काढलं की ज्याचं नाव ते. महाल झाला की आणखी एक सज्जा, सज्जा झाला की आणखी एक तळं. बिचारा शेवटी ब्रह्मदेवाकडे तक्रार घेऊन गेला. मग विष्णू लहान मुलाच्या रूपानं इंद्राकडे आला आणि त्यानं जमिनीवरून चाललेली मुंग्यांची रांग दाखवली. यातली प्रत्येक मुंगी पूर्वी कधीतरी इंद्र होती, म्हणाला. तेव्हा कुठे वाढीव काम थांबलं. आमच्या खात्यात असा मुलगा कधी आला नाही.

पाणीपुरवठा वरुणाकडे, वारा वायूकडे. वैद्यकीय खातं अश्विनीकुमारांकडे. आणि त्यांची अवस्था बघा. हे वैद्य, रोग्यांना हात लावतात, माणसांत वावरतात, म्हणून देवांच्या पंगतीत त्यांना सोमरसाचा वाटा नव्हता. शेवटी च्यवन ऋषींनी भांडून तो मिळवून दिला. म्हणजे डॉक्टर मंडळींच्या मागण्या तेव्हापासूनच्या. वाहतुकीचं म्हणाल, तर नहुष नावाचा पृथ्वीवरचा राजा काही दिवस इंद्राच्या गादीवर बसला आणि त्यानं पालखीला थेट ऋषी जुंपले. अगस्त्य ऋषी ठेंगणे, त्यांच्यानं भरभर चालवेना. यानं लाथ हाणून 'लवकर चला' म्हणून सांगितलं, आणि त्यांनी त्याचा साप करून टाकला. हे वाचल्यापासून मी कोणत्याही रिक्षावाल्याला 'जरा लवकर' असं म्हटलेलं नाही.

राहण्याचा हक्क हा आणखी वेगळा प्रकार. माणूस पुण्य करून तिथं जातो, पण पुण्य संपलं की त्याला परत खाली पाठवतात. म्हणजे ते सगळे भाडेकरू. घरमालक फक्त देव. अमरावतीला परकोटात दोन खोल्यांच्या जागेसाठी आत्याच्या घरचे जे कोर्टात लढले ते बघता, इंद्राचे भाडेकरू इतक्या सहजासहजी कसे जागा सोडतात याचं मला नेहमीच नवल वाटत आलं आहे.

पण सगळी खाती धुंडाळून झाली तरी दोन जागा मला रिकाम्याच दिसल्या. एक, झाडूवाला. ज्या गावात उठता-बसता पुष्पवृष्टी होते, तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाचोळा कोण उचलतो, याचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही. आणि दुसरी जागा जन्म-मृत्यू नोंदणीची. चित्रगुप्त आहे, पण तो यमाच्या कचेरीत. अमरावतीत त्याचं टेबल नाही. मरतच कोणी नाही, तर नोंद कशाची करणार?

आता आमच्या खालच्या अमरावतीचं. जाणकार सांगतात की या नावाचा देवांशी काही संबंध नाही. इथं उंबराची झाडं होती, म्हणून उदुंबरावती, त्याची उंबरावती, मग उमरावती, आणि शेवटी कोणीतरी शहाण्यानं ते अमरावती करून दिलं. ही व्युत्पत्ती मी आत्याला ऐकवली तेव्हा ती म्हणाली, "उंबर काय, इंद्र काय, पानं दोघायचेही पडतेत." तिचा सगळा हिशेब खाली काय पडतं यावरून चाले.

याला कारण होतं. ती लग्न होऊन आली आणि दोनेक वर्षांत, २० डिसेंबर १९५६ला, गाडगेबाबा गेले. अमरावतीकडे आणत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठाशी. या जिल्ह्यातल्याच शेंडगावचा हा माणूस. डोक्यावर खापर, हातात खराटा. गावात पाऊल टाकलं की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. आत्यानं लहानपणी ते कीर्तन एकदा ऐकलं होतं. त्यांची समाधी अमरावतीला झाली, त्या भागाला गाडगेनगर नाव पडलं. १९८३ला निघालेल्या विद्यापीठालाही पुढे त्यांचंच नाव मिळालं. आत्याच्या मते मात्र विद्यापीठ वगैरे ठीक आहे, पण बाबांचं नाव घेऊन जो पोट्टा रस्त्यावर केळीचं साल टाकते, त्याच्या पाठीत एक खराटा घातला पाहिजे. ती स्वतः अंगण झाडून झालं की पुढचा अर्धा बोळही झाडून काढायची. उरलेला अर्धा समोरच्या घराचा. या हद्दीवरून दोन्ही घरांत तीस वर्षं बोलाचाली होती, पण बोळ स्वच्छ होता.

आमच्या अकोल्याची तऱ्हा वेगळी. अकोल्याला सूर्य स्वतः जातीनं हजर राहतो. पारा पंचेचाळिसाच्या वर चढला की मोर्णा नदी ही केवळ नकाशात उरते, आणि नळ तिथीवार बघून येतो. हे कोणाचं पाप, यात मी पडत नाही. मी घरी कूलर घेतला. कूलर म्हणजे वरुण आणि वायू या दोन खात्यांचं एकत्रीकरण. त्यात पाणी मात्र आपणच घालायचं. उन्हाळ्यात आत्याला अकोल्याला बोलावलं की तिचं उत्तर ठरलेलं: "अमरावती सोडून कोनी तिकडे तपायला जाते का, बाबू?" हे वाक्य ती त्रेचाळीस डिग्रीत बसून म्हणायची.

दोन गावांमधला रस्ता हा माझ्या खात्याचा विषय, म्हणून मी आवरतं घेतो. इतकंच सांगतो, की वर्षानुवर्षं त्या रस्त्यावर कंबर मोडून घेतल्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका पदराचं ७५ किलोमीटर डांबर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं गेलं आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. मी निवृत्त होतो, तरी उठून उभा राहिलो. विश्वकर्म्यालाही हे कळलं असेल तर त्यानं हातातली कानस खाली ठेवली असेल. पुढे १६ एप्रिल २०२५ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. देवांच्या नगरीला विमान मिळायला इतका उशीर व्हावा! मी फोनवर आत्याला सांगितलं, "आता बडनेऱ्याची कटकट गेली." ती म्हणाली, "मले मुंबईले कायले जायचं? तू अकोल्याहून येतं तं ये."

गेल्या भादव्यात आत्या गेली. एक्क्याण्णव पूर्ण होती. सकाळी अंगण झाडलं, चहा घेतला, जरा पडते म्हणाली. तिचा मुलगा परदेशी. तो पोचेपर्यंत सगळं मी पाहिलं. नव्या रस्त्यानं अकोल्याहून मी इतक्या लवकर पोचलो, की मन मागेच मूर्तिजापुराजवळ कुठेतरी राहिलं होतं.

चौथ्या दिवशी मी दाखल्यासाठी कचेरीत गेलो. टेबलापलीकडे पन्नाशीचे एक गृहस्थ, समोर संगणक. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. नाव. वय. पतीचं नाव.

"मृत्यूचं ठिकाण?"

"अमरावती," मी म्हणालो.

त्यांनी ते टाइप केलं. पडद्यावर ओळ उमटली: मृत्यूचे ठिकाण, अमरावती. आणि मला एकदम हसू फुटलं. चार दिवस डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं; इथं हसता हसता ते आलं. गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, माफी मागावी. म्हणून मी त्यांना सगळं सांगून टाकलं: इंद्र, आजी, बडनेरा, आणि अमरांच्या नगरीत हे टेबलच नसतं ते.

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"काका," ते म्हणाले, "वीस वर्षं झाले, रोज लिहून राह्यलो. आज पहिल्यांदा वाचलं." मग खुर्ची सरकवून त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं आणि विचारलं, "किती प्रती देऊ? बँकेले लागते, पेन्शनले लागते. पाच घेऊन ठेवा."

पाच प्रती घेऊन मी परकोटातल्या घरी आलो. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चार दिवसांचा प्राजक्त पडला होता. खालचा काळा पडलेला, वरचा त्याच सकाळचा, पांढराशुभ्र. केरसुणी दाराआड होती. तिची मूठ सैल झाली म्हणून आत्यानं जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून बांधली होती. मी प्रती खिडकीत ठेवल्या, वर तांब्या ठेवला, आणि झाडायला लागलो. बत्तीस वर्षं मी रस्त्यांची बिलं मंजूर केली, पण हातात केरसुणी धरायची वेळ आली नव्हती. विहिरीकडून सुरुवात करावी की दाराकडून, हेसुद्धा ठरेना.

समोरच्या घराच्या ओट्यावर त्या बोळाच्या अर्ध्या हिश्श्याच्या सूनबाई उभ्या होत्या. थोडा वेळ त्यांनी ते पाहिलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पहिले पाणी शिंपा. धूळ उडून राह्यली."