आई सांगत नव्हती



बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट मी रविवारच्या वर्गात कितीदा शिकवली असेल! त्याच काळात निपाणीत माझी आई पांढरी पडत चालली होती आणि मी तिला गूळ-शेंगदाणे खा म्हणत होते.

दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या, दोनदा रक्त चढवलं. शौचाला काळं होत होतं. पण त्या गोळ्यांनीही तसंच होतं, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. पोट दुखत नव्हतं. आणि आई? "तसलं कुणाला सांगायचं असतंय काय गं?" यात दोन वर्षं गेली.

शेवटी बेळगावला आणलं. हिमोग्लोबिन पाच! दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला, लाल ठिपके दिसले. मी कला शाखेची. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. उतारवयात आतड्याच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि झिरपत राहतात. नाव अँजिओडिस्प्लेशिया. कर्करोग नव्हे, हे ऐकून मी तिथेच क्रुसाची खूण केली. हृदयही तपासलं. अरुंद झडप आणि असा रक्तस्राव जोडीने दिसतात, हे हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहिलंय. आईची झडप ठीक होती.

आधी दुर्बिणीतूनच आर्गॉन वायू वापरून ठिपके भाजले. अनेकांचं तेवढ्यावर भागतं. आईचं महिन्याभरात पुन्हा सुरू झालं. मग शस्त्रक्रिया ठरली: उजवीकडचं मोठं आतडं काढून लहान आतडं उरलेल्या भागाला जोडायचं. सर्जननी स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या जागी असे ठिपके पुन्हा होऊ शकतात.

आदल्या संध्याकाळी फादरांनी तेल लावून प्रार्थना केली. रात्री आईने तोच उतारा वाचायला लावला. मार्क लिहितो, वैद्यांवर सगळा पैसा गेला आणि दुखणं वाढलंच. लूक स्वतः वैद्य. 'वाढलं' हे तो गाळतो! आई हसली. मग म्हणाली, "कोण शिवलं म्हणून प्रभूनं गर्दीत विचारलं. आणि ती सगळ्यांसमोर बोलली?"

"हो."

थोड्या वेळाने तिने रात्रपाळीच्या नर्सला बोलावलं आणि कधीपासून, कसं, सगळं सांगितलं. मी बाजूलाच होते.

आता दर महिन्याला रक्त तपासतो. परवा हिमोग्लोबिन साडेदहा होतं. फोनवर आईने ते नंतर सांगितलं; आधी शौचाचा रंग सांगितला, तोही शेजारणीसमोर.